खोटेचा रकाना

३ जून

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. बसूनच घातला आहे, कंबर धरली आहे.

तुझ्या बँकेला पंचाहत्तर वर्षं होतायत आणि तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अध्यक्षांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "तुम्ही शाळेची स्मरणिका लिहिलीत, नळयोजनेची लिहिलीत, आता आमची लिहा. दीडशे पानं, त्यातली चाळीस फोटोंची." मी विचारलं, इतिहास घडलेला हवा की छापण्याजोगा? ते नुसते हसले. हसण्यावरून उत्तर कळलं.

गेला आठवडाभर माळ्यावरच्या खोलीत बसून जुने कर्जाचे अर्ज चाळतोय. नाव, धंदा, रक्कम, कारण, सगळं नेहमीचं. पण तळाशी एक रकाना आहे: 'खोट (ओळखदाराने सांगायची)'. त्यापुढे फक्त आकडे. वही चार, पान एकतीस. वही नऊ, पान दोन. मी मॅनेजरला विचारलं. तो पोरगा एकोणतीस वर्षांचा. म्हणाला, "सर, खोट्या नाण्यांबद्दल असेल." म्हाताऱ्या शिपायाला विचारलं तर तो अर्ज हातातून काढून घेत म्हणाला, "हे आत्याबाईंना विचारा."

म्हणून विचारतो. कर्ज हवं असेल तर आपल्याला ओळखणारा एक माणूस बरोबर न्यायचा, त्याला आतल्या टेबलापाशी बोलावतात, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक. मीही नेला होता. पण आत काय बोलणं व्हायचं हे कधी कुणी सांगितलं नाही. त्या टेबलामागे तू एकतीस वर्षं बसलीस. कसली खोट? कुणाची? आणि त्या वह्या कुठे आहेत?

जाता जाता एक. स्मरणिकेच्या बांधणीचं काम अध्यक्षांनी परस्पर त्या बाइंडरला दिलंय. अठ्ठावीस वर्षं मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. माझी बांधणी मी शेजारच्या गावाला पाठवतो आणि वर गाडीभाडं भरतो. प्रुफं शिपायाकडून पाठवीन म्हणतो.

तुझा,
चौकशा


९ जून

चिरंजीव चौकशा यास,

अनेक आशीर्वाद. नमस्कार बसून घातलास तरी पोचला.

एका दमात तीन प्रश्न. लहानपणी निदान श्वास घ्यायला थांबायचास.

बँक सुरू झाली ती तराजू दुरुस्त करणाऱ्या काटेवाल्याच्या दुकानात, मागच्या खोलीत. अकरा माणसं. काटेवाला, तेलाचे व्यापारी (म्हणजे तुझ्या अध्यक्षांचे आजोबा), एक शिंपी, एक कंपाउंडर, दोन मास्तर, बाकीचे असेच फुटकळ. मोठ्या बँकेत यांना दाराबाहेरच्या बाकावरसुद्धा कुणी बसू देत नव्हतं. तू हे 'उदात्त ध्येयाने प्रेरित होऊन' असं लिहिशील, लिही.

पहिल्या वर्षी कर्ज मागायला येणारा प्रत्येकजण स्तुतीची चिठ्ठी आणायचा. अमका सज्जन, तमका देवमाणूस. वर्षाअखेर तीन कर्जं बुडाली, आणि तिन्ही देवमाणसांची. सगळे डोक्याला हात लावून बसले तेव्हा काटेवाला म्हणाला, "माझ्याकडे येतो त्या प्रत्येक काट्यात खोट असते. एक डावीकडे झुकतो, एक उन्हात बिघडतो. खोट माहीत असेल तर त्याच काट्यावर खुशाल तोला. जो काटा चोख म्हणून कुणी घेऊन येतो, त्याची मला भीती वाटते."

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. अर्जदाराने ओळखदार आणायचा. जामीन नव्हे, पैशाशी त्याचा संबंध नाही. त्याने आतल्या टेबलापाशी बसून अर्जदाराची एक खोट सांगायची. ती वहीत जाणार, अर्जावर फक्त पान नंबर. जे सांगितलं ते अर्जदाराला कळता कामा नये, तो मेल्यावरही. आणि ओळखदारानेही बाहेर तोंड उघडायचं नाही.

गावात गुपित राहिलं कसं, असं विचारशील. प्रत्येकाने कुणाची तरी सांगितली होती आणि प्रत्येकाची कुणीतरी सांगितली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मला नोकरी कशी लागली तेही सांगते. मुलाखतीत काटेवाल्याने विचारलं, "तुमची शेजारीण कशी आहे?" मी म्हटलं, "तिचं घर लांब नाही, तिलाच विचारा." दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं.

वह्या कुठे आहेत, हा प्रश्न तुझा की अध्यक्षांचा?

तुझी,
आत्या


१५ जून

तीर्थरूप आत्यास,

प्रश्न माझा होता. आता दोघांचा आहे. चूक माझीच, तुझं पत्र आलं तेव्हा मी माळ्यावर होतो आणि मला हसू आवरेना, अध्यक्ष नेमके वर आले. त्यांनी काटेवाल्याची गोष्ट ऐकली आणि टाळीच दिली. आता त्यांना स्मरणिकेत पानोपानी चौकटी हव्यात: 'आपल्या पूर्वजांच्या गमतीशीर खोटी'. म्हणाले, लोक स्वतःचा आजोबा शोधायला म्हणून तरी अंक विकत घेतील. माणूस तेलाच्या धंद्यातला, कशातून काय निघेल हे बरोबर कळतं.

मला गंमत नकोय. एकच पान हवंय.

तुला आठवत असेल, अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी छापखान्यासाठी अर्ज केला होता. ओळखदार म्हणून बाइंडरला नेलं होतं, तेव्हा आम्ही एका ताटात जेवायचो. तो आत तासभर होता. आठवड्याने चिठ्ठी आली: 'आपला अर्ज विचारात घेता येत नाही.' एक ओळ. मी त्याला विचारलं, "आत काय बोललास?" तो म्हणाला, "ते सांगायचं नसतं." मग मीही बोलणं सोडलं. जागा गेली, यंत्र दुसऱ्याने उचललं आणि मी लोकांच्या चुका दुरुस्त करत मुद्रितशोधक झालो.

त्याआधी दोन नोकऱ्या मी कामं अर्धवट टाकून सोडल्या होत्या. हे फक्त त्याला माहीत होतं. आजवर मला वाटायचं, आत चारचौघांसारखी चौकशी करत असतील आणि याने आपणहून चुगली केली. तुझ्या पत्राने वेगळंच कळलं. खोट सांगणं भागच होतं. म्हणजे प्रत्येकाची खोट सांगितली जायची, आणि तरी लोकांना कर्जं मिळायची. मग माझी अशी कोणती सांगितली की मला मिळालं नाही?

वही बावीस, पान सत्तावन्न. अर्जावरून नंबर उतरवून घेतलाय.

तुझा,
चौकशा


२२ जून

चिरंजीव चौकशा यास,

अनेक आशीर्वाद.

नंबर मला पाठ आहे. पान मिळणार नाही.

तू इतिहास लिहायला बसला आहेस ना, मग इतिहास घे. बँक वाढली ती खोटेच्या जोरावर. खोट आहे म्हणून कुणाचं कर्ज कधी नाकारलं नाही. शिंपी जसा पाठीचा बाक बघून कपडा बेततो, तसं आम्ही खोट बघून कर्ज बेतायचो. एकाबद्दल सांगितलं होतं, भावाला नाही म्हणता येत नाही. त्याच्या हातात रोख दिलीच नाही, यंत्रवाल्याला परस्पर पैसे पोचते केले. भाऊ दोनदा येऊन यंत्र बघून गेला, यंत्र काही उसनं नेता येईना. एकजण सकाळी अकराच्या आत माणसात नसायचा, त्याच्याकडे शिपाई बाराला जायचा. एका बाईबद्दल ओळखदार म्हणाली, "खरं बोलते आणि फार बोलते." तिच्या हप्त्याला आम्ही ऐकू न येणारा शिपाई नेमला. तिने मुदतीआधी कर्ज फेडलं आणि त्या शिपायासारखा समंजस माणूस पाहिला नाही असं पत्र लिहिलं.

चौथ्या वर्षी बाजारात शाखा. पुढे सूतगिरणी बंद पडली तेव्हा मोठ्या बँकेने तिथली शाखा एका रात्रीत गुंडाळली. आम्ही त्याच खोलीत, त्यांनी टाकून दिलेल्या काउंटरवर, महिन्याच्या आत बसलो. लोकांनी विचारलं, तुम्हाला बुडायची भीती नाही वाटत? आमचा मॅनेजर म्हणाला, "त्यांच्याकडे तुमची मिळकत लिहिलेली होती. आमच्याकडे तुम्ही लिहिलेले आहात." अकरा सभासदांचे नऊ हजार झाले, आणि प्रत्येकाला मत एकच, मग तो तेलवाला असो नाहीतर तेल मागणारा.

मग संगणक आले. त्यात खोटेचा रकाना नव्हता. साहेब म्हणाले, हरकत नाही. एक्केचाळीस वह्या रद्दीत काढल्या. मी दारात उभी राहिले, रद्दीवाल्याने वजन केलं, मी पैसे मोजले आणि पावती घेतली. आता त्या माझ्या दिवाणात आहेत आणि मी त्यांच्यावर झोपते. पाठीला बऱ्या आहेत.

अध्यक्षांना सांग, ज्यांनी सांगितलं त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून सांगितलं. चौकटीकडे बघून नाही.

तुझी,
आत्या


२७ जून

आत्यास,

नमस्कार.

खोट आहे म्हणून कुणालाच नाकारलं नाही, असं तू स्वतः लिहितेस. बहिऱ्याला बोलकी बाई जुळवून दिलीत, उशिरा उठणाऱ्याला बाराचा शिपाई दिलात. पन्नास वर्षांत एक मीच असा निघालो की मला बेतायला कापडच नव्हतं. म्हणजे त्याने जे सांगितलं ते केवढं भयंकर असेल. आणि ते तू लिहून घेतलंस, घरी आलीस, माझ्या हातचा चहा प्यायलीस आणि गप्प राहिलीस. नियम मेलेल्यांसाठी ठीक आहे. मी जिवंत आहे, मला चौपन्नावं चालू आहे, आणि माझ्याबद्दल दोन माणसांना जे ठाऊक आहे ते मला ठाऊक नाही.

तू त्याला पाठीशी घालते आहेस. घाल.

अध्यक्ष रविवारी गाडी घेऊन तुझ्याकडे येतायत. मी त्यांना पत्ता दिलाय.

चौकशा


१९ जुलै

चिरंजीव चौकशा यास,

अनेक आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, विचार करत होते. माझ्या वयात त्याला वेळ लागतो.

अध्यक्ष आले. पुष्पगुच्छ, शाल, मागे फोटो काढणारा. मी फोटोवाल्याला स्वयंपाकघरात बसवलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, वह्या म्हणजे बँकेची मालमत्ता." मी पावती दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "संचालक मंडळ वकिलाची नोटीस पाठवायची म्हणतंय." म्हटलं, "पाठवा, दिवाणात जागा आहे."

मग चहा झाला. निघताना दारात थबकले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "आमच्या वडिलांची काय लिहिलीय, तेवढं तरी सांगा."

"कशाला हवी?"

"बघावं म्हटलं, माझ्यात उतरलीय का."

"त्याला वही कशाला? घरी बायकोला विचारा."

गेले बिचारे, शाल इथेच विसरून. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मला तुझा आठवला. एवढा मोठा माणूस, सहा शाखांचा मालक असल्यासारखा वागणारा, आणि दारात लहान पोरासारखा उभा.

त्या दिवसापासून मी नियम पुन्हा पुन्हा मनात घोळवतेय. नियम असा आहे: जे सांगितलं गेलं ते बाहेर जाणार नाही. मी एकतीस वर्षं त्याचा अर्थ 'तोंड उघडायचं नाही' असा घेतला. पण कारकुनीत नियम शब्दाला शब्द लावून वाचायचा असतो. सांगितलं गेलं ते. मग जे सांगितलंच नाही त्याचं काय?

वही बावीस, पान सत्तावन्न, कोरं आहे.

बाइंडर माझ्यासमोर तासभर बसला. मी पेन घेऊन. विचारलं, "अर्जदाराची खोट सांगा." म्हणाला, "काही नाही." मी नियम सांगितला, खोट आल्याशिवाय अर्ज टेबलावरून हलत नाही, ज्याला खोट सांगता येत नाही तो ओळखदार धरला जात नाही. तो म्हणाला, "माहीत आहे." आणि खाली बघत बसला. मी म्हटलं, बारीकशी सांगा, घोरतो म्हणा. मान हलवली. कपाळाला घाम होता, पण एक शब्द काढला नाही. शेवटी मी पानावर नंबर घातला आणि पान तसंच मिटलं.

तू अठ्ठावीस वर्षं ज्याच्यावर रुसून आहेस त्याला तुझ्याबद्दल वाईट बोलता आलं नाही, म्हणून तुझा छापखाना गेला. असली मैत्री मी त्या टेबलावर दुसरी पाहिली नाही. पाठीशी घालत होते हे खरं. पण त्याला घालत नव्हते, नियमाला घालत होते.

हे पत्र घेऊन त्याच्याकडे जा. शिपायाला पाठवू नकोस.

तुझी,
आत्या


२६ जुलै

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार, या वेळी उभं राहून.

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा आत शिरलो. तो पाटावर बसून वह्यांच्या पाठी शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझी प्रुफं शिपाई आणतो ना?"

"आत्याचं पत्र आहे."

सुई दाताखाली धरून त्याने वाचलं. सबंध. मग पुन्हा वाचलं. मी म्हटलं, "हे खरं?"

"अर्धं."

"अर्धं कुठलं?"

"तासभर गप्प बसलो हे खरं. घामही खरा. पण ते थोर मैत्रीचं वगैरे आत्याबाईंनी पदरचं घातलंय. मला तुझ्या दहा खोटी माहीत होत्या. बोटावर मोजून गेलो होतो, त्यातली कुठली सांगायची एवढाच प्रश्न होता. आत गेलो तर समोर कोण? तुझी आत्या. म्हटलं, आता मी म्हणालो हा कामं अर्धवट टाकून पळतो, की संध्याकाळी ते तुझ्या वडिलांच्या कानावर. तुझी पाठ सोलून निघेल आणि मग तू माझी सोलशील."

"ती कधीच कुणाला सांगत नाही."

"हे आज म्हणतोयस. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. बँकेचा नियम बँकेपाशी, आत्या ती आत्या."

"घोरतो म्हणायला काय झालं होतं?"

"त्यांनी सुचवलं तोवर माझी वाचाच बसली होती."

मी स्टुलावर बसलो. विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस? एवढी वर्षं?"

"काय सांगू? तुझ्या आत्याला घाबरलो म्हणून तुझा छापखाना बुडाला? त्यापेक्षा दुष्ट ठरलेलं परवडलं. दुष्टाला निदान लोक वचकून असतात."

मी म्हटलं, "आता सांग." म्हणाला, "काय?" म्हटलं, "खोट." त्याने सुई खाली ठेवली, जणू एवढ्याचीच वाट बघत होता. आत्या, तो पाऊण तास बोलत होता. नोकऱ्यांचं तिसऱ्या नंबरावर आलं. पहिली अशी: "नाव चौकशा, साऱ्या गावाला प्रश्न विचारशील. जो एक विचारायचा तो एकदा विचारलास, उत्तर आवडलं नाही तर पुन्हा विचारलाच नाहीस." मी लिहून घेतली नाही. गरज पडली नाही.

निघताना वह्यांचा विषय निघाला. अध्यक्षांनी नोटीस खरंच तयार केलीय, मी वाचली आहे. त्यांचा काटा आता चौकटींवर नाही, वडिलांच्या पानावर अडकलाय, आणि त्यासाठी ते एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उघडतील. बाइंडर म्हणाला, पानाला पान चिकटवून दाबात ठेवलं की पुठ्ठा होतो, पूर्वी सगळे असेच करत. पाचशे प्रतींच्या वेष्टणाला पुरतील. खळ एकदा वाळली की ब्रह्मदेवाच्या बापालाही ती पानं सुटायची नाहीत. म्हणजे स्मरणिका घेईल त्याच्या घरी गावाच्या खोटी जातील, पण वाचणार कुणी नाही.

मी त्याला म्हटलं, विचारतो. तुझ्या आहेत, पावतीसकट. काय करायचं ते तू सांग.

तुझा,
चौकशा


२ ऑगस्ट

चिरंजीव चौकशा यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ठेवलं, मग चष्मा बदलून पुन्हा वाचलं. मजकूर तोच निघाला.

वह्या परवा हातगाडीवरून येतील, वर चादर बांधून. बाइंडरला सांग, मधे एकही उघडायची नाही, थेट दोरा कापायचा आणि पानं खळीला लावायची. खळ हात राखून लावू नये, पैसे मी देईन. अध्यक्षांनी विचारलं तर सांग, सगळा मजकूर स्मरणिकेत घेतला आहे.

आता दुसरं. हे लिहायला मला चार दिवस लागले.

नियम तीन होते. दोन तुला सांगितले. तिसरा असा की अर्जदार टेबलावर बसलेल्याच्या नात्यातला असेल तर त्याने उठायचं आणि हेडक्लार्कने बसायचं. तो नियम माझ्याच अक्षरात भिंतीवर लावलेला होता. त्या दिवशी हेडक्लार्क पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, हाक मारली तर ऐकू जाण्याइतक्या अंतरावर. मी हाक मारली नाही. तुझा अर्ज वर आला, तुझा दोस्त आत आला आणि मी पेनाचं टोपण काढलं.

का, ते मला तेव्हाही माहीत होतं. घरात सगळे तुझं कौतुक करायचे, मीही करायची. मला बाहेरच्या माणसाच्या तोंडून खरं ऐकायचं होतं. गावातल्या नऊ हजारांचं ऐकलं, घरच्या एकाचंही नाही. एवढ्याकरता मी त्या खुर्चीत बसून राहिले.

तो घाबरलाय हे मला दिसलं नाही. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून मला वाटायला लागलं होतं की समोरच्याला फक्त खुर्चीच दिसते. त्याचा घाम मी मैत्रीच्या खात्यावर टाकला आणि त्याला थोर ठरवून मोकळी झाले. हेडक्लार्क बसले असते तर पोरगं एका मिनिटात बोललं असतं, तुला हप्ते बेतून दिले असते, आणि आज ही स्मरणिका तुझ्याच छापखान्यात छापली असती. तुझा छापखाना त्याने बुडवला नाही. मी उठले नाही, म्हणून बुडाला.

तू यावर काय म्हणायचं ते म्हण. पुन्हा विचारायचं असेल तर विचार, या वेळी सगळ्याची उत्तरं देईन.

स्मरणिकेत एकच खोट छाप. अध्यक्षांना हवी तशी चौकट कर, बँकेच्या पहिल्या लेखनिकबाईंचा, म्हणजे माझा, फोटो लाव, आणि खाली रकान्यात घाल: 'ऐकायचं असलं की जागेवरून उठत नाही.' ओळखदार म्हणून बाइंडरची सही घे. म्हणावं, बिनधास्त कर, आत्याबाई यंदा टेबलावर नाहीत.

तुझी,
आत्या